राइट क्लिकचा रामबाण

जुनं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालेना की आपल्याकडे एक सल्ला हमखास मिळतो: आयकॉनवर राइट क्लिक करा आणि ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणा. बहुतेक वेळा काम होतंही. बिलाचं सॉफ्टवेअर उघडतं, छापखान्यातला पेजमेकर सुरू होतो, पत्रिका काढणारा प्रोग्रॅम निमूट पत्रिका काढून देतो. सल्ला देणारा हार्डवेअरवाला जरा उत्साही असला तर प्रॉपर्टीजमध्ये जाऊन कायमची टिक करून ठेवतो. त्याहून उत्साही असला तर सारखी ‘यस की नो’ विचारणारी ती खिडकीच बंद करून टाकतो. संगणक-सुरक्षेवर बोलणारी मंडळी मग कपाळाला हात लावतात. लोक न वाचता ‘यस’ दाबतात, हा त्यांचा नेहमीचा सूर.

माझं मत वेगळं आहे. अशा वेळी ‘यस’ दाबणारा माणूस आपल्या परीनं शहाणपणानंच वागत असतो. ‘नो’ म्हटलं तर त्या दिवशीचा धंदा बुडणार हे त्याला नक्की माहीत असतं. ‘यस’ म्हटल्यावर काय बिघडेल हे मात्र त्याला कुणीच सांगितलेलं नसतं. प्रश्न असा अडचणीचा होऊन बसला याला पंचवीस-तीस वर्षांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासातले जबाबदार लोक त्या खिडकीसमोर कधीच बसलेले नसतात.

विषय आत्ता काढायचं कारण म्हणजे विंडोज १०ला मिळणारा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. दुकानांत, छापखान्यांत, पतसंस्थांत मशिनं बदलली जात आहेत आणि नव्या मशिनवर विंडोज ११ येतं. ते फक्त ६४-बिट आहे. त्यामुळे १६-बिटच्या जमान्यातले प्रोग्रॅम त्यावर मुळातच चालत नाहीत. तिथे ॲडमिन होऊनही उपयोग नाही. तो प्रश्न निकालात निघाला आहे, वाईट रीतीनं का होईना. खरा गुंता आहे तो १९९८ ते २००६ या काळात लिहिल्या गेलेल्या ३२-बिट सॉफ्टवेअरचा. ते चालू शकतं, पण परवानगीपाशी अडतं.

अडतं म्हणजे नेमकं काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. त्या काळातलं आपल्याकडचं धंद्याचं बरंचसं सॉफ्टवेअर व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिलेलं असायचं आणि माहिती साठवायला मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसची ‘एमडीबी’ फाइल. ही फाइल प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये, म्हणजे ‘सी’ ड्राइव्हवरच्या ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये ठेवलेली. ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये साध्या वापरकर्त्याला वाचायला मुभा आहे, लिहायला नाही. पण बिल करायचं म्हणजे फाइलमध्ये लिहिणं आलं. शिवाय दोघांनी एकाच वेळी फाइल उघडली तर गोंधळ होऊ नये म्हणून डेटाबेसचं इंजिन त्याच फोल्डरमध्ये ‘एलडीबी’ नावाची एक छोटी फाइल तयार करतं. तीही तयार होत नाही. मग पडद्यावर येतं ‘रनटाइम एरर ७५’सारखं काहीतरी. त्यात कुठली फाइल, कुणी अडवलं, का अडवलं, याचा पत्ता नसतो. दुकानदाराला वाटतं सॉफ्टवेअर बिघडलं. सॉफ्टवेअर बिघडलेलं नसतं. त्याला एका फोल्डरमध्ये लिहायचं होतं, बस्स.

आता दोष कुणाचा? पहिलं बोट प्रोग्रॅमरकडे जातं आणि ते योग्यही आहे. माहिती प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये ठेवू नका, वापरकर्त्याच्या स्वतःच्या जागेत ठेवा, असं मायक्रोसॉफ्ट विंडोज २०००च्या काळापासून सांगत होतं. कुणी ऐकलं नाही. का ऐकतील? डॉसपासूनची रीत अशी की एका धंद्याचं एक फोल्डर. प्रोग्रॅम त्यात, माहिती त्यात, बॅकअप म्हणजे ते फोल्डर फ्लॉपीवर उतरवणं. विंडोज ९५, ९८, मी या तिन्ही आवृत्त्या ज्या फाइल-व्यवस्थेवर चालत, तिच्यात फाइलला मालक असतो ही कल्पनाच नव्हती. दुसरीकडे डेव्ह कटलर यांच्या नेतृत्वाखाली बांधलेलं विंडोज एनटी १९९३ मध्येच आलं होतं. त्यात मालक होते, परवानग्या होत्या, सगळा शिस्तीचा कारभार होता. पण ते कंपन्यांसाठी होतं. २००१ मध्ये एक्सपीच्या रूपानं हे एनटीचं इंजिन घराघरांत आणि दुकानादुकानांत पोहोचलं, आणि नेमकं तिथे मायक्रोसॉफ्टनं कच खाल्ली. एक्सपी टाकताना जी खाती तयार होत ती सगळी ॲडमिनिस्ट्रेटरची. कुलूप होतं, पण किल्ली प्रत्येकाच्या हातात. प्रोग्रॅमरही ॲडमिन म्हणूनच बसून कोड लिहायचा, ॲडमिन म्हणूनच तपासायचा. त्याची चूक त्याला दिसणार कशी? वीस वर्षं ज्याला ‘कुठेही लिही’ म्हणून शिकवलं, त्याच्यावर एकविसाव्या वर्षी पोलीस पाठवायचे, असा हा प्रकार.

पोलीस आले २००७च्या जानेवारीत, व्हिस्टाबरोबर. युजर अकाउंट कंट्रोल असं त्या व्यवस्थेचं नाव. तिची रचना मात्र हुशारीची होती, हे मान्य करायला हवं. ॲडमिन म्हणून लॉगइन केलेल्या माणसालाही विंडोज दोन ओळखपत्रं देतं: एक साध्या वापरकर्त्याचं, रोजच्या वापरासाठी, दुसरं पूर्ण अधिकारांचं, बाजूला ठेवलेलं. एखाद्या प्रोग्रॅमला दुसरं ओळखपत्र हवं असेल तर पडदा काळवंडतो आणि ‘यस की नो’ विचारलं जातं. पडदा काळवंडणं हा निव्वळ देखावा नाही. ती खिडकी वेगळ्या, सुरक्षित डेस्कटॉपवर उघडते, म्हणजे दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमला आपणच ‘यस’ दाबून टाकता येत नाही.

लोक वैतागले. ॲपलनं आपल्या जाहिरातीत काळा चष्मा लावलेला एक अंगरक्षक उभा केला, जो पीसी झालेल्या बिचाऱ्या माणसाच्या प्रत्येक वाक्याला ‘रद्द की परवानगी’ विचारत राहतो. जाहिरात मजेदार होती. पण तिच्याहून जास्त बोलकं होतं ते मायक्रोसॉफ्टच्या डेव्हिड क्रॉस यांचं २००८च्या आरएसए या संगणक-सुरक्षा परिषदेतलं विधान. हे लोकांना त्रास व्हावा म्हणूनच आणलं, असं त्यांनी गंभीरपणे सांगितलं. हिशेब असा: लोकांना त्रास झाला की ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्याकडे तक्रार करतील, मग तो आपला कोड सुधारेल. आपल्याकडच्या भाषेत, लेकी बोले सुने लागे.

आणि सून जिथे घरात होती तिथे हे लागू पडलं, हेही सांगितलं पाहिजे. मायक्रोसॉफ्टनं २००८ मध्येच दिलेल्या आकड्यांनुसार, परवानगी मागणाऱ्या वेगवेगळ्या प्रोग्रॅम आणि कामांची संख्या व्हिस्टाच्या सुरुवातीच्या ७,७५,३१२ वरून त्या ऑगस्टपर्यंत १,६८,१४९ वर आली. मोठ्या कंपन्यांनी आपापली सॉफ्टवेअर दुरुस्त केली. पण उरलेल्यांचं काय? एखाद्या तालुक्याच्या गावच्या सोनारासाठी कुणा हुशार पोरानं २००३ मध्ये लिहून दिलेला गहाणवटीचा प्रोग्रॅम. पुढे तो पोरगा पुण्याला, मग परदेशात. ज्या कंपनीनं उत्पादनच बंद केलं तिचं सॉफ्टवेअर. इथे लेकीला बोलून काही होत नाही, कारण सून घर सोडून गेलेली आहे. लेक मात्र अजून रोज बोलणी खाते आहे.

मायक्रोसॉफ्टला याचा अंदाज होता, म्हणून त्यांनी एक पळवाट ठेवली. तिची फारशी चर्चा होत नाही, पण आपल्याकडच्या कित्येक ‘डेटा उडाला’ प्रकरणांच्या मुळाशी ती असू शकते. व्हिस्टापासून पुढे, जुना ३२-बिट प्रोग्रॅम ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये लिहायला गेला तर विंडोज त्याला दर वेळी थेट अडवत नाही, बरेचदा खोटं सांगतं. लिहिलं, म्हणतं, आणि प्रत्यक्षात ती फाइल वापरकर्त्याच्या खात्यातल्या, डोळ्यांआड असलेल्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ या फोल्डरमध्ये ठेवतं. पुढच्या वेळी प्रोग्रॅम वाचायला आला की तीच प्रत पुढे करतं. प्रोग्रॅम खूश, विंडोज खूश. नव्या पद्धतीनं लिहिलेल्या प्रोग्रॅमला ही सोय नाही, ६४-बिटला नाही, आणि मुख्य म्हणजे ॲडमिन म्हणून चालवलेल्या प्रोग्रॅमलाही नाही.

औषधाच्या दुकानाचं उदाहरण घ्या. मशिन एक, सकाळी मालक बसतो, संध्याकाळी भाचा. दोघांची लॉगइन वेगळी. मालकानं केलेली बिलं भाच्याला दिसत नाहीत, भाच्याची मालकाला. स्टॉक जुळत नाही. एकमेकांवर संशय. प्रत्यक्षात विंडोजनं दोघांना दोन वेगळ्या वह्या देऊन ठेवल्यात आणि ते दोघांनाही सांगितलेलं नाही. मालक शिस्तीचा असेल तर दर शनिवारी ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधलं फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून घेत असेल. त्या पेनड्राइव्हवर काय जातं? सॉफ्टवेअर टाकलं त्या दिवशीची रिकामी फाइल. दर शनिवारी तीच.

आता यात आपला रामबाण घाला. काही महिने असंच चाललेलं असताना प्रिंटरचं काहीतरी अडतं, कुणीतरी सांगतं, ‘अहो, रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर करून बघा’. मालक करतो. ॲडमिन म्हणून चाललेल्या प्रोग्रॅमला खोटं सांगितलं जात नाही, म्हणून तो खरी फाइल उघडतो, जी रिकामी आहे. इतक्या महिन्यांची बिलं एका क्लिकमध्ये गायब. ती गेलेली नसतात, दुसऱ्या जागी असतात. पण हे कळायला जी माहिती लागते ती त्या बाजारपेठेत कुणाकडे असेल? हार्डवेअरवाला म्हणतो व्हायरस असेल, फॉरमॅट मारू. फॉरमॅट मारला की मात्र ती खरोखर जातात.

ही योजना आखणाऱ्या अभियंत्यांचा हेतू वाईट नव्हता. जुनी सॉफ्टवेअर चालू ठेवण्याबाबत मायक्रोसॉफ्टचा इतिहास खरं तर कौतुकाचा आहे. पण वापरकर्त्याच्या माहितीची जागा त्याला न सांगता बदलणं ही मदत नव्हे. एक ओळीची सूचना दाखवता आली असती: ‘तुमची माहिती इथे ठेवली आहे, बॅकअप इथून घ्या.’ ती दाखवली नाही, कारण त्यामुळे वैताग वाढला असता. वैताग द्यायचा की नाही हे तंत्रज्ञानानं ठरवलं नाही. जिथे त्रास दिल्यानं दबाव येणार होता तिथे त्रास दिला, जिथे गप्प राहणं सोयीचं होतं तिथे गप्प राहिले.

छापखान्यातली कथा वेगळी आहे आणि मराठी वाचकाला ती जास्त जवळची वाटेल. पेजमेकरची सातवी आवृत्ती २००१ मध्ये आली आणि ती शेवटची मोठी आवृत्ती ठरली. तरी मराठी डीटीपीच्या व्यवसायात पेजमेकर अजून टिकून आहे, कारण दोन-अडीच दशकांची पुस्तकं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका, सगळं त्याच्या फायलींत आणि युनिकोडपूर्व फाँटांत अडकलेलं आहे. सी-डॅकचं आयएसएम, मॉड्युलर इन्फोटेकचं श्री-लिपी यांच्या पिढीनं मराठी अक्षरजुळणी शिशातून संगणकावर आणली, ते ऋण मोठं आहे. त्या पिढीतल्या टंकनाच्या सॉफ्टवेअरची एक ठरावीक पद्धत असे: स्वतः मागे बसायचं, कीबोर्डवर दाबली जाणारी प्रत्येक कळ मध्येच पकडायची आणि समोरच्या प्रोग्रॅमला त्याऐवजी मराठी अक्षराचा संकेत द्यायचा.

व्हिस्टापासून विंडोजनं चालू प्रोग्रॅमना पातळ्या दिल्या. ॲडमिन म्हणून चाललेला प्रोग्रॅम वरच्या पातळीवर, बाकीचे मधल्या. खालच्या पातळीवरच्या प्रोग्रॅमला वरच्याच्या कळा पकडता येत नाहीत, त्याच्याकडे संदेश पाठवता येत नाहीत. नियम रास्त आहे. नाहीतर कुठलाही भुरटा प्रोग्रॅम ॲडमिनच्या खिडकीत हवं ते टाइप करील. पण आता पेजमेकर चालत नाही म्हणून तो ॲडमिन म्हणून उघडला आणि मागे बसलेला मराठी कीबोर्ड साधाच राहिला, तर काय होईल? वर्डमध्ये, नोटपॅडमध्ये मराठी उमटतं. पेजमेकरमध्ये गेलं की इंग्रजी. डेस्कटॉपवरून चित्र ओढून पानावर सोडावं तर सुटत नाही, कारण ओढणं-सोडणं हेही पातळीच्या नियमात येतं. नेटवर्कवरचा ‘झेड’ ड्राइव्ह, ज्यावर सगळी कामं असतात, तोही ॲडमिन झालेल्या प्रोग्रॅमला दिसत नाही, कारण तो जोडला होता साध्या ओळखपत्रावर. ऑपरेटरला यातलं कारण कळत नाही, पण उपाय सापडतो: कीबोर्डचं सॉफ्टवेअरही ॲडमिन करा. मग ते बारा तास पूर्ण अधिकारानं बसून प्रत्येक कळ ऐकत राहतं. एक गाठ सोडवायला दुसरी मारली, दुसरीसाठी तिसरी. शेवटी कुणीतरी सगळा बंदोबस्तच काढून टाकतं आणि दुकान सुरळीत चालतं. या माणसाला अडाणी म्हणायची माझी तयारी नाही.

जुन्या प्रोग्रॅमला त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये लिहू द्यायचं, एवढीच मूळ मागणी होती. त्या बदल्यात विंडोजनं देऊ केलं ते सगळ्या मशिनचं राज्य. मधलं काही नाही. एमआयटीतले जेरोम साल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये संगणकातल्या माहितीच्या संरक्षणावर एक निबंध लिहिला, जो या क्षेत्रात आजही पायाभूत मानतात. त्यातली दोन तत्त्वं इथे लागू पडतात. एक म्हणजे कामापुरताच अधिकार: प्रत्येक प्रोग्रॅमला त्याच्या कामाला लागेल तेवढाच अधिकार मिळावा. हे सगळ्यांना पाठ असतं. दुसऱ्याची आठवण कमी लोकांना असते: संरक्षणाची व्यवस्था माणसाला सहज, सवयीनं, बरोबर वापरता येईल अशीच हवी. युजर अकाउंट कंट्रोल पहिल्या तत्त्वाच्या नावानं आलं आणि दुसरं मोडलं. आणि दुसरं मोडल्यामुळे पहिलंही मोडलं, कारण कंटाळलेला माणूस कामापुरता अधिकार देत बसत नाही, सगळाच देऊन टाकतो.

शिवाय हा सगळा खटाटोप कशाच्या रक्षणासाठी आहे, तेही विचारायला हवं. ॲडमिन आणि साधा वापरकर्ता ही विभागणी आली त्या काळातून, जेव्हा विद्यापीठातल्या एका मोठ्या संगणकावर अनेक जण एकाच वेळी काम करत. धोका होता तो शेजारच्या माणसाचा: त्यानं माझी फाइल पाहू नये, मी व्यवस्थेची मोडतोड करू नये. औषधाच्या दुकानात शेजारचा माणूस म्हणजे भाचा. त्याच्यापासून धोका नाही. धोका आहे तो ईमेलमधून आलेल्या परक्या प्रोग्रॅमचा. आणि गंमत अशी की खंडणीखोर प्रोग्रॅमला दुकानाच्या बिलांच्या, फोटोंच्या, पत्रांच्या फायली कुलूपबंद करायला ॲडमिनची गरजच नाही. त्या फायली वापरकर्त्याच्या आहेत, आणि त्याच्या नावानं चालणारा कुठलाही प्रोग्रॅम त्या बदलू शकतो. ॲडमिनचा अधिकार मिळाला तर तो बॅकअपच्या प्रती पुसेल, बाकीच्या मशिनवर पसरायला त्याला सोपं जाईल, हे खरं, आणि म्हणून तो अधिकार जपून द्यावा हेही खरं. पण विंडोज पुन्हा टाकायला अर्धा दिवस लागतो. सात वर्षांची खाती पुन्हा टाकता येत नाहीत. पहारा आहे तो पुन्हा टाकता येणाऱ्या वस्तूवर.

फोनवर ही चूक बरीच टळली. अँड्रॉइडवर प्रत्येक ॲप म्हणजे स्वतंत्र वापरकर्ता धरला जातो. त्याची जागा त्याची, दुसऱ्याच्या घरात शिरायचं नाही. २०१५ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून कॅमेरा, संपर्क, माइक यांची परवानगी गरज पडेल त्या वेळी आणि सुटी सुटी मागितली जाते. लोक तिथेही न वाचता ‘अलाऊ’ दाबतात. पण निदान दाबल्यावर जातं काय, ते एका शब्दात कळतं. कॅमेरा मागणाऱ्या ॲपला कॅमेरा मिळतो, फोनचं राज्य मिळत नाही. मायक्रोसॉफ्टनं २०१७ मध्ये विंडोज १०ला ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ दिलं, ज्यात ‘डॉक्युमेंट्स’सारख्या फोल्डरांत अनोळखी प्रोग्रॅमला लिहू देत नाहीत. दिशा बरोबर होती. ते आपणहून चालू मात्र नसतं, आणि चालू केलं की अनोळखी म्हणून पहिल्यांदा अडकण्याची शक्यता कुणाची? जुन्या, स्वाक्षरी नसलेल्या, कंपनी बंद पडलेल्या सॉफ्टवेअरचीच.

यावर एक सरळ आक्षेप येतो: जुनं फेका, नवं घ्या. ॲपल हेच करतं. २०१९च्या कॅटालिना आवृत्तीत त्यांनी ३२-बिट प्रोग्रॅम एका फटक्यात बंद केले. आक्षेपात तथ्य आहे. आपल्याकडच्या जुन्या सॉफ्टवेअरपैकी बरंचसं चोरीचं आहे, आणि चोरीच्या प्रतीला आधार मिळत नाही म्हणून गळा काढणं शोभत नाही. पण पैसे मोजून घेतलेलं, अजून चोख काम करणारं सॉफ्टवेअरही कमी नाही. ते फेकणं म्हणजे नुसता प्रोग्रॅम बदलणं नव्हे. त्यातली खाती, त्यातले फाँट, त्यावर हात बसलेला पन्नाशीतला ऑपरेटर, सगळंच बदलणं. आणि हे सगळं कशासाठी, तर एका प्रोग्रॅमला एका फोल्डरमध्ये लिहिता येत नाही म्हणून.

त्यावर साधा उपाय आहे, आणि जाणते हार्डवेअरवाले तो वापरतातही. सॉफ्टवेअर ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये टाकायचंच नाही. ‘सी’ किंवा ‘डी’ ड्राइव्हवर थेट एक फोल्डर करून त्यात टाकायचं. तिथे साध्या वापरकर्त्याला सहसा लिहिता येतं. आधीच टाकलेलं असेल तर त्या फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबमध्ये जाऊन ‘युजर्स’ना ‘मॉडिफाय’ची परवानगी द्यायची, जमल्यास फक्त माहितीच्या उपफोल्डरला, कारण प्रोग्रॅमची फाइलही बदलता आली तर तिच्या जागी दुसरी ठेवून उद्या तीच ॲडमिनच्या हातून चालवून घेता येईल, हा धोका उरतो. (व्हर्च्युअलस्टोअरमधली माहिती आधी हलवून घ्यायची, हे सांगायला नकोच.) त्यानंतर ॲडमिन नको, काळवंडणारा पडदा नको, हरवलेला ‘झेड’ ड्राइव्ह नको. कामापुरता अधिकार तो हाच.

मग विंडोज हा उपाय स्वतः का सुचवत नाही? प्रत्येक फाइल उघडताना परवानगी तपासली जाते. कुठल्या प्रोग्रॅमला कुठल्या फाइलवर नकार दिला, हे विंडोजला त्याच क्षणी माहीत असतं. मायक्रोसॉफ्टचंच ‘प्रोसेस मॉनिटर’ हे मोफत साधन चालवलं तर ती नकाराची ओळ फाइलच्या नावासकट दिसते. मोठ्या कंपन्यांच्या आयटी विभागांसाठी जुन्या प्रोग्रॅमच्या अशा खोडी शोधायची आणि एकेका प्रोग्रॅमपुरती दुरुस्ती लावायची साधनंही त्यांनी वर्षानुवर्षं दिली आहेत. म्हणजे ज्ञान आहे, साधनं आहेत, फक्त ती ज्याच्याकडे पगारी तंत्रज्ञ आहे त्याच्यासाठी आहेत. दुकानदाराच्या वाट्याला रनटाइम एरर ७५ आणि राइट क्लिक. ‘हा प्रोग्रॅम या फोल्डरमध्ये लिहू पाहत आहे, तेवढीच मुभा द्यायची का?’ असा प्रश्न विचारणारी खिडकी करणं मायक्रोसॉफ्टला अवघड नव्हतं. चार-सहा कोटी ओळींच्या प्रणालीत ती मावली असती.

मायक्रोसॉफ्टवाले मात्र दुसऱ्याच दिशेनं निघालेले दिसतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनी विंडोज ११साठी ‘ॲडमिनिस्ट्रेटर प्रोटेक्शन’ जाहीर केलं. यात दुसरं ओळखपत्र त्याच माणसाचं नसतं. विंडोज एक छुपं, वेगळं खातं तयार करतं आणि परवानगी दिलेला प्रोग्रॅम त्या खात्याच्या नावानं चालतो. घुसखोराला आवर घालायला हे नक्कीच बरं आहे. पण वेगळं खातं म्हणजे वेगळं ‘डॉक्युमेंट्स’, वेगळ्या सेटिंग्ज. जो जुना प्रोग्रॅम वर्षानुवर्षं रामबाणावर चालत आला, त्याला एक दिवस आपल्या सेटिंग्जच सापडणार नाहीत.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांबद्दल बोलल्याशिवाय हा विषय संपत नाही, आणि इथे मी मायक्रोसॉफ्टपेक्षा आपल्याकडच्या छोट्या कंपन्यांवर जास्त नाराज आहे. माहितीची फाइल कुठे ठेवायची तो पत्ता बदलणं, जुनी फाइल नव्या जागी हलवणं, आणि आपल्याला ॲडमिनची गरज नाही असं सांगणारी एक छोटी मॅनिफेस्ट फाइल जोडणं, एवढंच बहुतेक ठिकाणी लागतं. ज्याच्याकडे सोर्स कोड आहे त्याला हे काही दिवसांचं काम. त्याऐवजी कित्येकांच्या सूचनापत्रकात पहिलं वाक्य असतं: युजर अकाउंट कंट्रोल बंद करा, अँटिव्हायरस बंद करा. दुसऱ्याच्या घराचे दरवाजे उघडे टाकायला सांगून वार्षिक देखभालीचे पैसे घ्यायचे, याला सेवा म्हणत नाहीत.

आपला कॉपीराइट कायदा याबाबतीत वाटतो त्यापेक्षा उदार आहे. कायदेशीररीत्या घेतलेला प्रोग्रॅम ज्या कामासाठी घेतला त्या कामाला वापरता यावा म्हणून ती प्रत घेणाऱ्याला त्यात फेरबदल करायची मुभा कलम ५२ देतं. पण सोर्स कोड हातात नसेल तर ती मुभा कागदावरच राहते. म्हणून पतसंस्था, बाजार समित्या, छापखाने, रुग्णालयं यांनी नवं सॉफ्टवेअर घेताना करारात दोन अटी घालाव्यात. सॉफ्टवेअर साध्या वापरकर्त्याच्या खात्यावर पूर्ण चाललं पाहिजे आणि तसं चालवून दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता मिळणार नाही, ही एक. कंपनीनं आधार देणं थांबवलं तर सोर्स कोड ग्राहकाला मिळेल, आणि तोवर तो त्रयस्थाकडे ठेवलेला असेल, ही दुसरी. विक्रेता दुसरीला कुरकुर करील, कदाचित किंमत वाढवून सांगेल. ती वाढीव किंमत घासाघीस करून द्यावी. पहिलीलाही तो कुरकुर करू लागला तर मात्र सरळ दुसरा विक्रेता पाहावा.